चहाच्या मुळाशी कोण बसलंय?

एक कोडं घालते. बघ सुटतंय का!

मला पान नाही, फूल नाही, मूळ नाही. मी झाड नाही आणि प्राणीही नाही. शिळ्या पोळीवर बसले तर घरातले सगळे नाक मुरडतात आणि ती पोळी फेकून देतात. पण चहाच्या मुळाशी बसले तर तेच झुडूप मला साखर खाऊ घालतं! सांग बघू, मी कोण?

बुरशी!

हो, तीच. हिरवट, काळपट, पांढरी, कापसासारखी. ‘ईऽऽ, चहाला बुरशी?’ असंच आलं ना मनात? थांब, कप खाली ठेवू नकोस. ही बुरशी तुझ्या कपात येत नाही. ती जमिनीखाली राहते, मुळांच्या आत आणि आजूबाजूला. आणि तिथे ती करते काय? राखण!

पण राखण कशापासून? तर दुसऱ्या बुरशीपासून! आहे की नाही गंमत?

आधी चहाचं झुडूप कसं असतं ते बघू. आसाम, दार्जिलिंग, निलगिरी, मुन्नार या भागांतले चहाचे मळे चित्रात तरी पाहिले असशीलच. कंबरेएवढी झुडपं, वरून अगदी सपाट, जणू कोणी हिरवा गालिचा अंथरलाय. पण खरं सांगू? चहा हे मुळात झुडूप नाहीच. त्याला कोणी छाटलं नाही तर ते चांगलं उंच झाड होतं! मळ्यात त्याची सारखी छाटणी करतात, म्हणून ते बुटकं राहतं आणि त्याला भरपूर कोवळे शेंडे फुटतात. हंगामात साधारण दर आठवड्याला हे शेंडे खुडतात. दोन पानं आणि एक कळी, एवढंच.

आणि वय? दार्जिलिंगमध्ये शंभर वर्षांहून जुनी झुडपं आहेत, आणि अजून पानं देताहेत! तुझ्या पणजीच्या जन्माआधी लावलेलं झुडूप आज कोणाच्या तरी कपात आहे.

आता एक गोष्ट सांगते, ती मोठ्या माणसांनाही बहुधा माहीत नसते. घरात जाऊन विचार, “चहाची पानं धुतात का?” सगळे म्हणतील, “म्हणजे काय! धुतच असणार.” चूक! खुडलेली पानं कारखान्यात जातात, तिथे ती कोमेजवतात, चुरगळतात, वाळवतात. धुवायचं मात्र कुठेच नाही. पानांना पहिली आंघोळ घडते ती थेट आपल्या पातेल्यात, उकळत्या पाण्यात!

म्हणून चहाच्या पानांवर औषध फवारायचं तर फार जपून फवारावं लागतं. मग रोग आला की काय करायचं? इथेच मुळाशी बसलेली आपली मैत्रीण कामाला येते.

पण आधी खलनायक बघू. खलनायकाशिवाय गोष्टीत मजा नाही.

पहिला खलनायक पानांवर येतो. त्याचं नाव ब्लिस्टर ब्लाइट. तोही बुरशीच! पावसाळी, ढगाळ हवा त्याला फार आवडते. कोवळ्या पानावर आधी फिकट गोल ठिपका पडतो. मग तिथे फोड येतो, बोटाला चटका बसल्यावर येतो ना, तसाच. आणि फोडाच्या फुगीर बाजूवर पांढरी मखमल. हा लबाड जुनी, जून पानं सोडून देतो आणि नेमकी कोवळी पानं धरतो, म्हणजे आपण खुडणार तीच! १८६८ साली तो आसामात दिसला. दक्षिण भारतात पोचला १९४६ साली.

दुसरे खलनायक त्याहून वाईट, कारण ते दिसतच नाहीत. ते आहेत मूळकुजीचे रोग. लाल मूळकूज, तपकिरी मूळकूज, आणि मुळं कोळशासारखी काळी करणारी एक. याही सगळ्या बुरशीच. तोडलेल्या जुन्या झाडाचा बुंधा जमिनीत राहिला की त्यात त्या मुक्काम ठोकतात. तिथून एका झुडपाच्या मुळावरून शेजारच्या मुळावर, तिथून पुढच्या. वर झुडूप ठीक दिसत असतं. मग एक दिवस पानं पिवळी पडतात, सुकतात, आणि खेळ खलास! एका हेक्टरमध्ये चहाची दहा हजारांहून जास्त झुडपं दाटीवाटीने उभी असतात. एकाला लागण झाली की शेजाऱ्यांची काही खैर नाही.

जाता जाता बुरशीचा आणखी एक पराक्रम ऐक. श्रीलंकेत पूर्वी चहाचं फारसं नाव नव्हतं. तिथे होते कॉफीचे मळे! १८६९ साली कॉफीच्या पानांवर तांबेरा दिसला. तांबेरा म्हणजे पानांवर गंजासारखी पूड आणणारा रोग, आणि तोही बुरशीमुळेच होतो. पुढच्या काही वर्षांत कॉफीचे मळेच्या मळे बसले, आणि लोकांनी तिथे चहा लावला. आज श्रीलंकेचा चहा जगभर जातो.

बरं, आता आपल्या मैत्रिणीकडे वळू. तिच्या आणि मुळाच्या मैत्रीला शास्त्रज्ञ मायकोरायझा म्हणतात, आपण तिलाही तेच म्हणू. नाव जरा लांबलचक आहे, पण दोनदा म्हटलं की जमतं. मा-य-को-रा-य-झा!

आता जमिनीखाली डोकावून बघ. बहुतेक झाडांच्या मुळांवर बारीक बारीक केस असतात. मुळं पाणी आणि क्षार ओढून घेतात ते मुख्यतः या केसांनी. पण चहाच्या मुळांवर हे केस अगदी थोडे असतात! त्यात चहाला आवडते आंबट माती. खायला आंबट नाही हं, चाखून बघू नकोस! आंबट म्हणजे आम्लधर्मी. या मातीत एक अडचण असते. झाडांना स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, लागतो. तो मातीत असतो, पण लोह आणि ॲल्युमिनियम त्याला घट्ट धरून बसतात. सोडतच नाहीत! समोर लाडवांचा डबा आहे, पण त्याचं झाकण उघडत नाही, असं झालं हे.

मग येते मायकोरायझा. तिचं सगळं अंग म्हणजे नुसते धागे. किती बारीक? तुझ्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीचे दहा भाग केलेस तर त्यातल्या एका भागाइतके, कधी त्याहूनही बारीक! हे धागे मुळाच्या आतून निघतात आणि मातीत लांबवर पसरतात. मूळ जिथे शिरू शकत नाही अशा फटींत ते सहज शिरतात. दोन शेंगदाण्यांच्या वजनाएवढ्या मातीत असे कित्येक मीटर धागे सापडतात. कित्येक मीटर! तुझ्या वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पोचतील एवढे.

हे धागे स्फुरद आणतात, पाणी आणतात, जस्त आणतात, तांबं आणतात, आणि सगळं मुळाला देतात.

फुकट? छे! फुकट कोण देतं?

मधल्या सुट्टीत तू डबा उघडल्यावर काय होतं, आठव. तुझ्या डब्यात गुळपोळी, मैत्रिणीच्या डब्यात थालीपीठ. “मला एक तुकडा दे, मी तुला देते.” अगदी हेच इथे चालतं. झुडूप पानांमध्ये ऊन, हवा आणि पाणी यांच्यापासून साखर बनवतं. बुरशीला साखर बनवता येत नाही, कारण तिच्याकडे पानांतलं हरितद्रव्यच नाही. मग झुडूप आपल्या साखरेतला वाटा तिला देतं. वनस्पतीने साखरेचे शंभर दाणे बनवले असं समज. त्यातले चारपासून वीसपर्यंत दाणे या बुरशीला जातात! आणि नुसती साखर नाही बरं का. तेलातुपासारखे स्निग्ध पदार्थही जातात. ही बुरशी ते स्वतः बनवूच शकत नाही, हे तर अगदी अलीकडे, २०१७ साली पक्कं कळलं.

एवढा मोठा वाटा कोणी उगाच देतं का? मुळीच नाही. झुडूप पक्कं हिशेबी असतं.

आता विचारशील, अंधारात, मातीखाली, डोळे नाहीत, कान नाहीत, मग या दोघांची भेट होते तरी कशी? अगं बाई, ती तर सगळ्यात भारी गोष्ट! मूळ आमंत्रण पाठवतं. ते मातीत एक रसायन सोडतं, अगदी कणभर. जवळपास बुरशीचा धागा असेल तर त्याला ते कळतं. त्याला लगेच भराभर फांद्या फुटतात आणि तो मुळाकडे निघतो. हे आमंत्रण जपानी शास्त्रज्ञांनी २००५ साली ओळखलं.

आणि गंमत बघ, हेच आमंत्रण एक चोर वाचतो! ज्वारीच्या शेतात टारफुला नावाचं तण येतं. ज्वारीच्या मुळाला चिकटून ते तिचं अन्न पळवतं. टारफुल्याचं बी मातीत कित्येक वर्षं झोपून राहतं. ज्वारीच्या मुळाने बुरशीला हाक मारली की हे बी जागं होतं. बोलावलं एकाला, आणि पंगतीला येऊन बसलं भलतंच कोणी!

असो. चहाकडे परत येऊ.

धागा मुळापाशी पोचला, आत शिरला. मुळाच्या पेशीत जाऊन तिथे तो काय करतो, ठाऊक आहे? एक इवलंसं झाड उभं करतो! फांद्या, त्या फांद्यांना आणखी बारीक फांद्या. डब्यांची देवघेव होते ती याच झाडापाशी. हे झाड काही दिवसच टिकतं, मग विरघळून जातं. मग दुसऱ्या पेशीत नवं झाड.

ही मैत्री किती जुनी असेल? स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी नावाच्या गावाजवळ दगडांत जपल्या गेलेल्या वनस्पती सापडल्या आहेत. त्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या आहेत. त्यांच्या पेशींत अशीच इवली झाडं दिसतात! तेव्हा डायनोसॉर यायला अजून पंधरा कोटींहून जास्त वर्षं होती. आणि कहर म्हणजे, त्या वनस्पतींना धड मुळंसुद्धा नव्हती. मुळं नंतर आली, मैत्री आधीची!

माणसाला मात्र हे फार उशिरा कळलं. १८८५ साली आल्बेर्ट फ्रँक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने या मैत्रीला मायकोरायझा हे नाव दिलं. खरं तर त्याला ट्रफल नावाच्या महागड्या अळंबीची लागवड कशी करता येईल ते शोधायचं काम दिलं होतं. तो बघत होता ती बुरशी वेगळ्या प्रकारची होती, मुळावर बाहेरून मोजा चढवल्यासारखी राहणारी. “बुरशी झाडाला मदत करते,” असं तो म्हणाला, तेव्हा पुष्कळ जणांनी त्याला वेड्यात काढलं. बुरशी म्हणजे रोग, एवढंच लोकांना ठाऊक होतं ना!

आता मुख्य मुद्दा. ही बुरशी चहाला रोगांशी लढायला मदत कशी करते?

पहिली गोष्ट अगदी साधी. पोटभर जेवलेलं झुडूप ताकदवान असतं. मूळ थोडं कुजलं तरी ते नवं मूळ फोडू शकतं.

दुसरी गोष्ट जागेची. बाकावर तू आणि तुझी मैत्रीण आधीच ऐसपैस बसलेल्या असाल, दप्तरंही ठेवलेली असतील, तर तिसऱ्याला बसायला जागा कुठे? मुळात मायकोरायझा आधीच बसलेली असली, तिथली साखरही तीच खात असली, तर मूळकूज आणणाऱ्या बुरशीला शिरकाव करणं अवघड जातं.

तिसरी गोष्ट मात्र मला सगळ्यात आवडते. ती समजायला खो-खोच्या मैदानात चल.

खो-खोत चौकोनात बसलेले खेळाडू आठव. ते पळत नसतात. पण आरामातही बसलेले नसतात! एक पाय मागे रोवलेला, हात जमिनीवर, कान ‘खो’कडे. पाठीवर थाप पडली, ‘खो’ ऐकू आला की त्याच क्षणी उसळी! मांडी घालून बसलेल्या खेळाडूला उठेपर्यंत पळणारा केव्हाच पसार झालेला असतो.

झुडपाचं असंच होतं. मायकोरायझा पहिल्यांदा मुळात शिरते तेव्हा झुडूप दचकतं. ‘कोण आलं? शत्रू की काय?’ थोडी पळापळ होते. मग ओळख पटते. ‘अरे, ही तर आपलीच!’ पळापळ थांबते, पण झुडूप पुन्हा मांडी घालून बसत नाही. ते पाय रोवून बसतं. रोगाशी लढायची रसायनं ते आधीपासून बनवून साठवत नाही. उगाच साखर कशाला खर्च करा? पण खरा शत्रू आला की ती बनवायला लगेच सुरुवात करतं. बुरशी नसलेल्या झुडपापेक्षा लवकर आणि जोरात! आणि ही सावध बैठक नुसत्या मुळापुरती नसते. वर पानांपर्यंत तिचा निरोप जातो.

शेजाऱ्यालाही निरोप जातो का? २०१० साली चिनी शास्त्रज्ञांनी टोमॅटोच्या रोपांवर एक झकास प्रयोग केला. दोन रोपं, मातीखाली त्यांना जोडणारे मायकोरायझाचे धागे. एका रोपाला करपा रोगाची लागण करून दिली. हवेतून वास किंवा बीजाणू जाऊ नयेत म्हणून त्या रोपावर पिशवी बांधली. काही दिवसांतच शेजारचं निरोगी रोप लढाईच्या तयारीला लागलं! त्याला तर रोग लागलाही नव्हता. मग त्याला खबर कोणी दिली? धाग्यांनी! हा प्रयोग कुंड्यांमधला होता. मोकळ्या रानात अशी खबर किती पोचते, यावर शास्त्रज्ञ अजून जोरजोरात भांडतात. शास्त्रज्ञांचं भांडण ऐकायला फार मजा येते.

मुळाशी आणखी एक राखणदार असते. ती मायकोरायझासारखी घरात राहत नाही. ती बाहेर मातीत गस्त घालते, आणि ती चक्क मारामारी करते! तिचं नाव ट्रायकोडर्मा. दिसायला हिरवी पूड. शत्रू बुरशीचा धागा दिसला की ही त्याला वेटोळं घालते, त्याची भिंत विरघळवते आणि आतलं खाऊन टाकते. बुरशीने बुरशीला खाल्लं! रिचर्ड वाइंडलिंग या शास्त्रज्ञाने १९३२ साली अमेरिकेत हे पाहून लिहून ठेवलं. चहाच्या मळ्यांत मूळकुजीविरुद्ध ट्रायकोडर्मा शेणखतात मिसळून देतात.

आणि ही तुझ्याही ओळखीची निघेल बघ! तुझे कोणी नातेवाईक तूर किंवा हरभरा पेरत असतील तर त्यांना विचार. या पिकांना मर रोग होतो, उभी झाडं वाळतात. म्हणून पेरणीआधी बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळतात. एक किलो बियाण्याला साधारण ५ ग्रॅम, म्हणजे चमचाभर. एका चमच्यात लाखो-करोडो राखणदार!

मग आता चहाला रोगच होत नाहीत? नाही नाही, असं नाही. बुरशी म्हणजे जादूची कांडी नव्हे. मूळकुजीच्या रोगांशी लढायला मायकोरायझा चांगली मदत करते. पानांवरच्या रोगांचं मात्र तसं नक्की सांगता येत नाही, कधी जमतं, कधी नाही. आणि जमिनीत स्फुरदाचं खत भरमसाट टाकलं तर आणखी एक गंमत होते. झुडूप म्हणतं, ‘मला आता कोणी काही आणून द्यायला नको!’ ते आमंत्रण पाठवणं कमी करतं, साखर देणं कमी करतं. मग बुरशी ओसरते, आणि तिच्याबरोबर राखणही. म्हणून शहाणे मळेवाले माती तपासून, हात राखून खत देतात. रोपवाटिकेत रोप लहान असतानाच त्याच्या मातीत मायकोरायझा मिसळली, तर ते मळ्यात जातानाच तिला सोबत घेऊन जातं.

आता तुला ही बुरशी बघायचीय ना? नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाही. पण एक युक्ती आहे, आणि तिला लागते पेनातली शाई! १९९८ साली काही शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की, महागड्या रंगांची गरज नाही. फाउंटन पेनची शाई आणि स्वयंपाकघरातलं व्हिनेगर यांच्या मिश्रणात मुळं तीन मिनिटं उकळली की आतले धागे रंगतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली ती इवली झाडंसुद्धा दिसतात! त्याआधी मुळं मऊ करायला एक दाहक रसायन लागतं, त्यामुळे हे घरी एकटीने किंवा एकट्याने करायचं नाही हं. विज्ञानाच्या बाईंना किंवा सरांना गाठ, आणि शाळेच्या प्रयोगशाळेत करा.

चहाचं झुडूप जवळपास नसेल तरी हरकत नाही. मक्याची किंवा कांद्याची बारीक मुळं घ्या, त्यांच्यात ही बुरशी हमखास राहते. फक्त मुळा, मोहरी किंवा कोबी घेऊ नका. तासन् तास बघत बसलात तरी काही दिसायचं नाही. झाडांच्या जगात दोस्ती न करणारी थोडीच घराणी आहेत, त्यातलं मोहरीचं हे एक!